फलकावर दहा टक्के, पासबुकात सातच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की ठेव योजनांच्या जाहिरातींना ऊत येतो. त्यात एक आकडा हमखास ठळक असतो: ‘वार्षिक परतावा 10 टक्के’. खाली बारीक अक्षरांत व्याजदर 7 टक्के, मुदत 10 वर्षे. गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नसतो. 1 लाख रुपये 7 टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने 10 वर्षे ठेवले तर 2,00,160 रुपये होतात. व्याज झाले 1,00,160. त्याला सरळ 10 ने भागले की आले 10 टक्के. म्हणजे व्याज चक्रवाढीने मोजायचे आणि भागाकार मात्र सरळव्याजाचा करायचा. याच हिशेबाने 5 वर्षांच्या पावतीवर 8.3 टक्के छापता येतात आणि 20 वर्षांची पावती मिळाली असती तर 15! खरा वार्षिक परतावा तिन्हींत एकच, 7.19 टक्के.

म्हणून काउंटरवर दोनच गोष्टी विचाराव्यात. आज एवढे ठेवले तर मुदतीअखेर हातात किती? आणि मधल्या काळात व्याज कुठे राहणार? चक्रवाढीचा सगळा खेळ या दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

पोस्टातलेच उदाहरण घ्या. 2024-25 या आर्थिक वर्षात पाच वर्षांच्या मुदत ठेवीचा, म्हणजे टीडीचा, दर 7.5 टक्के होता आणि राष्ट्रीय बचत पत्राचा, म्हणजे एनएससीचा, 7.7. टीडीचे व्याज तिमाही चक्रवाढीने मोजतात, त्यामुळे वर्षाचा खरा दर 7.71 पडतो, एनएससीपेक्षा कणभर जास्तच. तरीही 1 लाखावर पाच वर्षांत टीडीचे व्याज होते सुमारे 38,570 आणि एनएससीचे 44,900. सव्वासहा हजारांहून जास्तीचा हा फरक कुठून आला? टीडीचे व्याज दर वर्षाच्या शेवटी बाहेर पडते. ते उचलले नाही तरी त्यावर टीडीच्या दराने पुढे व्याज चढत नाही. बचत खात्यात वळवून घेतले तर तिथला 4 टक्के दर मिळतो. पासबुकात पडून राहिले तर तेवढेही नाही. एनएससीचे व्याज मात्र मुद्दलात मिसळत जाते आणि पाचव्या वर्षाअखेरच सुटते. ‘तिमाही चक्रवाढ’ हे शब्द ऐकून टीडी घेणारे आणि व्याज आत मुरते आहे असे समजून पाच वर्षे तिकडे न फिरकणारे लोक कमी नाहीत. अर्थात एनएससी मधेच मोडता येत नाही. खातेदाराचा मृत्यू किंवा कोर्टाचा हुकूम असे अपवाद सोडले तर पाच वर्षे थांबावेच लागते. ज्याला दोन वर्षांनी मुलीच्या फीसाठी पैसे लागणार आहेत, त्याने 44,900 च्या मोहात पडू नये.

आणखी एक गैरसमज तिमाही आणि वार्षिक चक्रवाढीचा. 10,000 रुपये 7 टक्क्यांनी पाच वर्षे ठेवले तर तिमाही चक्रवाढीने 14,148 होतात आणि वार्षिकने 14,026. फरक 122 रुपयांचा. याच्यासाठी बँक बदलणारे पाहिले की नवल वाटते, कारण त्याच अर्जावर ‘व्याज दरमहा / दर तिमाहीस / मुदतीअखेर’ या चौकटींकडे त्यांचे लक्ष नसते. गरज नसताना दरमहा व्याजावर खूण केली, तर चक्रवाढ तिथेच संपली.

बँकेच्या पुनर्गुंतवणूक पावतीत (जिथे व्याज मुद्दलातच मिसळत जाते) दुसरा अडथळा करकपातीचा, म्हणजे टीडीएसचा. पावतीवर छापलेली मुदतअखेरची रक्कम कर कापण्यापूर्वीची असते. एका बँकेतल्या ठेवींचे वर्षाचे व्याज 50,000 रुपयांवर गेले (ज्येष्ठ नागरिकांसाठी 1 लाखावर; हे आकडे एप्रिल 2025 पासूनचे) की बँक 10 टक्के टीडीएस कापते, पॅन दिलेला नसेल तर 20. व्याज हातात आलेले नसले तरी कपात दर वर्षी होते. ती पावतीतूनच झाली तर तेवढी रक्कम चक्रवाढीतून गळते आणि पाच वर्षांनी ‘बँकेने कमी दिले’ म्हणून भांडण होते. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही त्यांनी स्वयंघोषणेचा फॉर्म (मार्च 2026 पर्यंत 15 जी, ज्येष्ठांसाठी 15 एच) दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा. एकदा दिला की कायमचा झाला, असे नसते. ज्यांना कर लागतो त्यांनी टीडीएस झाला म्हणजे सुटलो असेही समजू नये. 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला 7 टक्क्यांची पावती करानंतर साडेपाचच्या आसपास पडते.

या हिशेबाने पीपीएफचा, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, 7.1 टक्के दर दिसतो तितका लहान नाही, कारण ते व्याज करमुक्त आहे, नवी करप्रणाली निवडली तरीही. (भरलेल्या रकमेवरची, 80 सी ची, वजावट तेवढी नव्या प्रणालीत मिळत नाही.) एप्रिल 2020 मध्ये ठरलेला हा दर 2024-25 अखेरपर्यंत हललेला नव्हता. पण पीपीएफमध्ये तारखेला फार महत्त्व. महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. दीड लाख 5 एप्रिलपर्यंत जमा झाले तर एप्रिल धरून बाराही महिने मोजले जातात. 6 तारखेला भरले तर एप्रिल गेला: 887 रुपये 50 पैसे. रक्कम किरकोळ वाटते, पण पहिल्याच वर्षी बुडालेले हे व्याज पंधराव्या वर्षाअखेर सुमारे 2,300 रुपयांचे झाले असते. दरमहा 12,500 भरणाऱ्या काहींचा पगार 7 तारखेला होतो म्हणून बँकेला 8 तारखेची स्थायी सूचना दिलेली असते. त्यांचे तर हेच 887 रुपये दर वर्षी जातात. पैसे पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला वळते करा, व्याजात एका दिवसाचाही तोटा नाही. चेकने भरणार असाल तर तो वटायला लागणारे दिवसही धरून चाला. आणि करबचतीच्या घाईत दर वर्षी मार्चअखेर भरणाऱ्यांसाठी: दीड लाखाचे 15 हप्ते वर्षाच्या सुरुवातीला भरले तर 7.1 टक्क्यांनी 40.68 लाख होतात, वर्षाच्या शेवटी भरले तर 37.98 लाख. पैसे तेच, वर्षे तीच.

पंधरा वर्षे भरल्यावर खाते पुढे चालवायचे असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत मुदतवाढीचा फॉर्म द्यावा लागतो. तो न देता भरत राहिलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. हे पुष्कळांना पैसे काढायला गेल्यावर कळते.

आता सुरक्षिततेबद्दल. बँक ठेवींना विमा आहे, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांचा. तो एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतल्या ठेवींना मिळून आहे आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही येतात. त्यामुळे चक्रवाढ पावती करताना 5 लाख भरणे ही चूक आहे. पहिल्याच तिमाहीचे व्याज विम्याबाहेर जाते. 7 टक्क्यांनी पाच वर्षांत 5 लाखांच्या आत राहायचे तर मुद्दल साडेतीन लाखांवर नको. संयुक्त पावतीत नावांचा क्रम बदलला तर विमा वेगळा धरला जातो. पती-पत्नींनी हे लक्षात ठेवावे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेल्यांचे हाल सर्वांनी पाहिले.

पतसंस्थांच्या ठेवींना मात्र हा विमा नाही. मल्टिस्टेट असो की गावातली, नाहीच. 72 ला वर्षांनी भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारा दर अंदाजे कळतो, आणि दराने भागले की वर्षे. म्हणून ‘सहा वर्षांत दामदुप्पट’ वाचले की 72 ला 6 ने भागावे: 12 टक्के. ठेवीदाराला 12 द्यायचे तर संस्थेने कर्ज 15-16 टक्क्यांनी द्यायला हवे, आणि बँकेच्या दारातून परत आलेल्याखेरीज त्या दराने कर्ज घेतो कोण? केंद्र सरकारचे किसान विकास पत्र 7.5 टक्क्यांनी 115 महिन्यांत दुप्पट होते. 72 ला 7.5 ने भागून पाहा, 9.6 वर्षे, बरोबर तेवढेच. (दामदुपट हा मुळात सावकाराला आवर घालणारा नियम होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. आज तो शब्द ठेवीदारासमोर आमिष म्हणून टांगला जातो.)

ज्यांचे घर व्याजावर चालते त्यांच्यासाठी हे सारे उलटे आहे. त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्यावी. 2024-25 मधला तिचा दर 8.2 टक्के. व्याज दर तिमाहीला बाहेर येते. ते उचलावे, तिथे ठेवून काही वाढत नाही.

मुदत संपलेली पावती कपाटात राहिली तर काय होते, हेही सांगायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमानुसार अशा रकमेवर बचत खात्याचा दर किंवा पावतीचा ठरलेला दर, यांतला जो कमी तोच मिळतो. पावती करतानाच नूतनीकरणाची सूचना द्यावी आणि वारसाचे नाव घालावे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. वृत्तपत्रांत ठेवींच्या व्याजदरांचे तक्ते येतात. आपल्या तक्त्यात दरांशेजारी एक रकाना वाढवावा: ‘10,000 रुपयांचे मुदतीअखेर हातात किती’. आणि जाहिरातीत ‘वार्षिक परतावा’ छापणाऱ्यांकडूनही तोच आकडा, तेवढ्याच मोठ्या टाइपात, मागून घ्यावा.

– एक वाचक, सांगली