फाईलवर एका सिस्टरचा नंबरही लिहून द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

डिसेंबरात अधिवेशनाला आपण नागपूरला येता. एखाद्या सकाळी ताफा विधानभवनात ठेवून शहरातल्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीबाहेर उभे राहा. गडचिरोली, गोंदिया, पार बालाघाट-छिंदवाड्याची माणसं दिसतील. बाई बाकावर बसलेली, पोरगा फाईल घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर. दोन वर्षांपूर्वी तो पोरगा मी होतो.

आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. बाहेर रांग होती, त्यांना दोष देत नाही. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, त्याबद्दल शासनाचे आभारच. आमचे हाल सुरू झाले ते घरी, काटोलला आल्यावर.

काखेतून एक नळी आणि तिला चपटी होणारी प्लास्टिकची बाटली. रोज किती एमएल पाणी आलं ते लिहायचं, एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या रात्री बाटली हवेने फुगली अन् पाणी यायचं थांबलं. अकरा वाजले होते. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर नुसता वाजत राहिला. बाबा म्हणाले, "सकाळपर्यंत हात नको लावू." पहाटेच्या एसटीने आईला घेऊन नागपूर गाठलं. वॉर्डातल्या सिस्टरने बाटली रिकामी केली, दाबून हवा काढली, बूच लावलं. झालं!

मग त्या माउलीने आम्हाला बसवून घेतलं. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. किमो सुरू झाल्यावर ताप १००.४ झाला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक निघायचं. आणि आईने हळूच विचारलं, "सिस्टर, ब्लाऊजमध्ये आता काय घालू?" हा प्रश्न महिनाभर तिच्या पोटात होता. आम्हा बापलेकांना ती कसा विचारणार?

पण हे त्या सिस्टरचं नेमलेलं काम नव्हतं. अख्खा वॉर्ड सांभाळून ती हे करत होती. पुढच्या वेळी गेलो तर तिची ड्युटी बदललेली.

ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर ग्लेन मॅकग्रा आपल्याकडे सगळ्यांना माहीत. त्याच्या पत्नीला, जेनला, स्तनाचा कॅन्सर झाला होता. दोघांनी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात संस्था काढली, ती अशाच सिस्टर पुरवते. निदान झालं की पेशंट आणि घरचे थेट तिच्याकडे जातात. चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत. दर जानेवारीत सिडनीच्या कसोटीला लोक गुलाबी कपडे घालून येतात आणि त्यासाठी पैसे जमतात. आपल्या नागपूरजवळच्या जामठ्याला तर स्टेडियमही आहे आणि कॅन्सरचं मोठं हॉस्पिटलही.

मागणी छोटी आहे. नागपुरात कॅन्सरवर उपचार करणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात स्तनाच्या कॅन्सरसाठी प्रशिक्षण घेतलेली एक सिस्टर नेमा. दर महिन्याला वॉर्ड बदलू नका. तिला सरकारी मोबाईल द्या, सुट्टीच्या दिवशी तो दुसरीकडे सोपवा, आणि रिपोर्ट मिळेल त्याच दिवशी तो नंबर फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहून द्या. इमारत नको, मशीन नको. फीत कापायला काही मिळणार नाही, हे मात्र खरं.

आईचा हात गेल्या आठवड्यापासून सुजतोय. विचारायचं कुणाला, हे अजून ठरलेलं नाही.

आपला,
एका पेशंटचा मुलगा
काटोल, जि. नागपूर