लिंबू सरबत बंद, गरम पिशवी चालू

चोपडा, रविवार दुपार

प्रिय बायडे,

तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी गच्चीवर जाऊन ऐकला, घरात पोरं होती म्हणून. दोनदा ऐकला. इतक्या हळू आवाजात बोलत होतीस की बाथरूममधूनच बोलतेय हे कळलं, आणि हसूही आलं आणि रडूही, कारण मी माझ्या बहिणीला पहिल्यांदा हे लघवीच्या आगीचं सांगितलं ते पण बाथरूममधूनच, नळ चालू ठेवून. फोनवर नीट सांगता येत नाही, मध्येच कोणीतरी येतं, म्हणून टाईप करत बसलीये. लांबेल. चहा घेऊन बस. नाही, चहा नको, ते पुढे सांगते.

तू म्हणालीस चौथा अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि आग तशीच. आधी मला हे सांग की लघवीचं कल्चर केलं का? साधी तपासणी नाही, कल्चर, ज्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. कारण माझं वर्षभर नेमकं हेच झालं, दरवेळी लक्षणं सांगायची, दरवेळी गोळ्या, आणि कल्चर केलं तेव्हा त्यात जंतूच नाहीत. एकदा नाही, तीनदा. मग डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. बायडे, नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन मी हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून रडलेय, कारण नॉर्मल म्हणजे मग दुखतंय ते काय माझ्या डोक्यात?

सुरुवात झाली होती मे महिन्यात. आपल्याकडचा मे तुला माहितीये, बाहेर पंचेचाळीस आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. आग व्हायला लागली तर सगळे म्हणाले उन्हाळी लागली. सासूबाई म्हणाल्या, "तुले उन्हायी लागनी वं, लिंबूनं पानी पी." मी प्यायली. सकाळी लिंबू, दुपारी कैरीचं पन्हं, संध्याकाळी परत लिंबू. शेजारणीने कोणाच्या तरी हातून डबाभर आवळा पाठवला. आणि दर दिवशी आग वाढतच गेली, मला वाटायचं अजून कमी पडतंय आणि मी अजून एक ग्लास करायची. आता आठवलं की कपाळाला हात लावते. आंबट सगळं माझ्या मूत्राशयाला जखमेवर चोळल्यासारखं होतं हे मला कोणी सांगितलंच नाही. त्यांचं प्रेम खरं होतं गं, सरबत चुकलं.

जळगावला ज्या मूत्ररोगतज्ञांकडे शेवटी गेले त्यांनी मला पहिल्यांदा एक प्रश्न नीट विचारला, की भरत आलं की दुखतं आणि मोकळं झालं की थोडं बरं वाटतं का? मी म्हटलं हो, अगदी तसंच. मग त्यांनी दुर्बीण घालून आतून बघितलं, खडा नाही, गाठ नाही हे आधी पक्कं केलं, आणि नाव सांगितलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस, हल्ली ब्लॅडर पेन सिंड्रोम पण म्हणतात. जंतू नसताना सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस हे चालू राहिलं तर डॉक्टर याचा विचार करतात. काही जणींना आत लालसर जखमा दिसतात, त्यांना हनरच्या जखमा म्हणतात, हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९१५ साली त्यांचं वर्णन केलं होतं. म्हणजे शंभरावर वर्षं झाली आणि आपल्याला अजून उन्हाळी लागलीच चालू आहे! माझ्यात त्या नव्हत्या. कारण काय, तर पक्कं एक कारण सापडलेलं नाही, मूत्राशयाच्या आतला जो संरक्षक थर असतो तो पातळ पडतो असं काहींचं म्हणणं, आणि तिथल्या नसा जास्तच चुरचुर करायला लागतात हे पण. हे मुळापासून घालवणारं औषध नाही, ते त्यांनी सरळ सांगितलं, पण ताब्यात राहतं. मला खरं सांगू, त्या दिवशी बसमध्ये मी पहिल्यांदा शांत झोपले. बरी झाले म्हणून नाही. आजाराला नाव आहे आणि मी खोटं बोलत नाहीये, एवढंच.

आता रोजचं सांगते, कारण तू तेच विचारलंस की तू आता बरी कशी दिसतेस. बरी नाहीये गं, पण जगणं चालू आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला वहीचा. पोरांच्या शाळेतली चाळीस पानी वही. किती वाजता गेले, किती झाली, किती दुखलं दहापैकी, आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. किती झाली हे मोजायला औषधाच्या बाटलीसोबत येतो तसला नाही, स्वयंपाकातला मोजायचा जुना प्लॅस्टिकचा कप वेगळा काढून ठेवला (त्यावर मी मार्करने फुली मारली आहे नाहीतर सासूबाई त्यात तांदूळ मोजतील). साधारण माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिली मावतं, माझं शंभरावर आलं की जीव कासावीस. दिवसाला अठरा-वीस वेळा, रात्री चार-पाच. लोक साधारण सात-आठ वेळा जातात. पहिल्या आठवड्यात ते आकडे बघून मीच घाबरले, पण तिसऱ्या आठवड्यात कळायला लागलं की सोमवारी-गुरुवारी जास्त का, तर त्या दिवशी शाळेत दुपारी स्टाफरूममधला चहा दोनदा. आणि पाळीच्या आधीचे चार दिवस कायम वाईट, काही खाल्लं नाही तरी. ते कळल्यावर निदान त्या दिवसांत मी स्वतःला शिव्या देणं बंद केलं.

खाण्याचं सांगताना लोक लांबलचक यादी देतात आणि माणूस उपाशी मरतो. मी असं केलं, तीन-चार आठवडे चहा, कॉफी, लिंबू, संत्री, टोमॅटो, जास्त मिरची, कोल्ड्रिंक सगळं बंद, मग एकेक वस्तू परत आणली, दोन-तीन दिवस बघायचं, वहीत लिहायचं, मग पुढची. टोमॅटो गेला. लिंबू गेलं. कॉफी कायमची गेली. चहा मात्र सकाळी काही खाल्ल्यावर अर्धा कप फिका चालतो, त्यासाठी मी देवाचे आभार मानते. तुझं वेगळं निघेल, माझी यादी कॉपी करू नको. केळं मला व्यवस्थित चालतं, रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळं चाललं नसतं तर काय खाल्लं असतं! दादर ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दुधी हे पण चालतं, साधं ताक नको कारण ते आंबट असतं, दूध चालतं. बाजारातला क्रॅनबेरी ज्यूस कोणी सांगेल, तो पण आंबटच, मला तर आगीत तेल.

आणि आता शेवभाजी, भरीत. मला माहितीये तू इथे वाचून डोळे मोठे केलेस. शेवभाजी मी दोन वर्षं खाल्ली नाही, रस्सा ताटात आला की वासानेच जीव जायचा. भरीत मात्र वाचलं. गेल्या थंडीत मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, नेहमीसारखी सगळी जमलेली, आणि माझ्या जावेने मिरच्या-लसूण कुटायच्या आधीच गरम गरम वांग्याचा एक गोळा काढून माझ्या ताटलीत ठेवला, वर थोडं तेल-मीठ-शेंगदाणे. काही बोलली नाही. आधी मी अशा पार्टीला डोकं दुखतंय सांगून जायचीच नाही. तिला मी त्याच्या पंधरा दिवस आधी सगळं सांगितलं होतं, खूप लाज वाटली होती सांगताना, आणि तिने उलट विचारलं की लघवीची जागा दुखते म्हणजे तुला कॅन्सर तर नाही ना. नाही म्हटल्यावर म्हणे, मग सांग काय खायचं नाही. बस. इतकं सोपं होतं आणि मी दीड वर्ष काढलं.

पाणी. ही माझी मोठी चूक. जायला लागू नये म्हणून मी शाळेच्या दिवशी पाणीच पीत नव्हते, सकाळी एक कप आणि थेट चार वाजता. शाळेच्या बाथरूमला कायम कुलूप, चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नसायचं, वर्ग सोडून जाता येत नाही, तुला आपली शाळा आठवत असेल तशीच. पण पाणी कमी की लघवी घट्ट आणि गडद, आणि ती जास्त झोंबते, म्हणजे आपण वाचवतो म्हणता म्हणता स्वतःलाच जाळतो. आता माठातलं पाणी थोडं थोडं, दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन घोट, एकदम तांब्याभर नाही. संध्याकाळी सातनंतर कमी. आणि शाळेत मी सरळ जाऊन सांगितलं की मला मूत्राशयाचा आजार आहे, चावी मला द्या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चावी मिळाली. आता बाकीच्या तीन बायका पण माझ्याकडूनच चावी घेतात, मी किल्लेदार झालेय.

गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर, हे माझं सगळ्यात जुनं औषध. पण मे महिन्यात, लाईट गेलेली, घाम धारा लागलेला आणि मी वर गरम पिशवी ठेवून पडलेली, आमचे हे बघून म्हणाले तू वेडी झालीस. मग कोणीतरी सांगितलं गार चालतं काहींना, तर बर्फ टॉवेलात गुंडाळून मांड्यांच्या मध्ये दहा मिनिटं, आणि मला तेच जास्त आवडलं उन्हाळ्यात. म्हणजे थंडीत गरम, उन्हाळ्यात गार, ज्याला जे चालेल ते. थेट कातडीला नको.

आता एक गोष्ट जी मला उशिरा कळली. आपण दुखतंय म्हणून खालचे सगळे स्नायू कायम आवळून धरतो, न कळत, दिवसभर, आणि ते आवळलेले स्नायूच मग स्वतः दुखायला लागतात. मला एका नातेवाईक बाईने केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, सांगितला होता, मी जोरात केला, दोन आठवड्यांत हाल वाढले. फिजिओथेरपिस्टने सांगितलं तुला आवळायचं नाही, सोडायचं शिकायचंय. पोट फुगवून हळू श्वास, श्वास आत घेताना खालचं सैल सोडायचं, बालासनात दोन-तीन मिनिटं, रात्री झोपताना. सुरुवातीला सैल म्हणजे काय ते कळतच नव्हतं, मग वाटलं की मी कितीतरी वर्षं असंच आवळून उभी आहे एसटीच्या रांगेत, वर्गात, लग्नात. बद्धकोष्ठ पण होऊ देऊ नको, तिकडून दाब पडतो.

आणि पळायचं नाही. लागल्यासारखं झालं की मी आधी धावायची. आता बसते किंवा उभी राहते, श्वास घेते, तो झटका कमी झाला की चालत जाते. दुखत नसलेल्या दिवशी पाच-दहा मिनिटं थांबायची सवय वाढवत नेली. दुखत असताना ओढून धरू नको हां, ते वेगळं, मी ते पण करून बघितलं आणि रात्र वाया गेली. "बाहेर जायचंय तर जाऊन घेते" ही सवय पण सोडतेय, अजून सुटली नाही.

औषध म्हणशील तर रात्री अमिट्रिप्टिलीनची दहा मिलिग्रॅमची गोळी, मूळ ती उदासीसाठीची, पण कमी डोसमध्ये नसांचं दुखणं कमी करते असं डॉक्टर म्हणाले. तोंड कोरडं पडतं आणि सकाळी उठायला जड. केमिस्टकडून स्वतःहून घेऊ नको, तुला बीपीची गोळी पण आहे. पेंटोसान म्हणून दुसरं असतं, ते लांब चाललं तर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, कोणी दिलं तर डोळे तपासून घे. मूत्राशयातच नळीने औषध सोडतात काहींना, माझी वेळ आली नाही. आणि ताप आला, थंडी वाजली, कमरेच्या एका बाजूला कळ आली किंवा लघवीत रक्त दिसलं तर हे पत्र बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

ह्यांच्याशी बोलायला मला वर्ष लागलं. तेवढं एकच वाक्य तू पण समजून घे. सांगितल्यावर ते दोन दिवस गप्प होते, मग रात्री मी चौथ्यांदा उठले तर बाथरूमचा दिवा आधीच लावून ठेवलेला. बास, त्यावर आम्ही काही बोललो नाही.

श्रावणात कानबाईच्या सणाला ये. जळगावपर्यंत रेल्वेनेच ये, नाशिकहून एसटीने नको, गाडीत संडास असतो म्हणून सांगतेय, आणि खिडकीच्या सीटचा हट्ट सोड, दाराजवळची घे. जळगावहून मी न्यायला येईन, मध्ये कुठे थांबायचं ते मला पाठ आहे. पुरणाचे मांडे तुला चालतील, मी तपासलंय.

तोपर्यंत एक कर. आज रात्री किती वेळा उठलीस तो फक्त आकडा सकाळी पाठव, बाकी काही लिहू नको. माझा कालचा दोन आहे.

तुझीच,
मास्तरीण