‘बेंझाइटेन’ नव्हे, बेन्जाइतेन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र आले की ‘जपानमध्येही सरस्वती’ असा मजकूर मराठीत हमखास फिरतो. माहिती खरी असते, घोळ शब्दांत होतो. सरस्वतीचे जपानी नाव रोमन लिपीवरून उतरवल्यामुळे ‘बेंझाइटेन’ छापले जाते. जपानीत ‘ट’ नाही, दंत्य ‘त’ आहे. मधला वर्ण आपल्या ‘जरा’तल्या ‘ज’चा, त्यात हकार नाही. म्हणून बेन्जाइतेन. हा ‘ज’ घरचाच असताना ‘झ’ कशाला?

शेवटचे ‘तेन’ तर किल्लीच आहे. संस्कृत ‘देव’साठी चिनी बौद्ध ग्रंथांत ‘आकाश’ अर्थाचे अक्षर वापरले गेले. त्याचाच जपानी उच्चार तेन. लक्ष्मी ती किचिजोतेन, बौद्धांची देवी मरीची ती मारिशितेन. मात्र ‘तेन’ म्हणजे देवी नव्हे, इंद्रही ताइशाकुतेनच. बेन्जाइतेनमधला ‘जाइ’ आधी ‘प्रतिभा’ अर्थाच्या अक्षराने लिहीत. पुढे त्याच उच्चाराचे ‘धन’ अर्थाचे अक्षर आले आणि वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य वाजवणाऱ्या सरस्वतीकडे लक्ष्मीचेही खाते गेले. एनोशिमा, चिकुबुशिमा, इत्सुकुशिमा ही तिची प्रसिद्ध ठाणी, तिन्ही बेटांवर. नदीची देवता पाणी कशी सोडेल?

देवी या अर्थाचा सर्वसाधारण शब्द मेगामी: ‘मे’ म्हणजे स्त्री, ‘कामी’ म्हणजे देव. वाक् + ईश = वागीश होते तसा इथेही ‘क’चा ‘ग’ होतो. तिन्ही स्वर ऱ्हस्व, ‘गा’ लांबवू नये. सूर्यदेवी आमातेरासु ही मेगामी, आणि अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही जपानीत ‘जियू नो मेगामी’. कान्नोन मात्र मूर्तीत स्त्रीरूप दिसली तरी मुळात अवलोकितेश्वर, म्हणजे बोधिसत्त्व. ‘देवी कान्नोन’ लिहू नये. अप्सरेला जवळचा शब्द तेन्न्यो. हिचे पिसांचे वस्त्र कोळ्याच्या हाती लागते ती कथा जपानमधल्या मिहोच्या किनाऱ्यावरची.

सौंदर्याच्या शब्दांत जास्त जपावे लागते. बिजिन म्हणजे सुंदर स्त्री, इथला ‘ज’ ‘जीवन’मधला. बिजिन्-गा ही स्त्रीचित्रांची शैली, चित्रकार उतामारोमुळे गाजलेली. अद्वितीय लावण्यवतीला ‘जेस्सेइ नो बिजो’ म्हणतात. गावाच्या नावापुढे ‘कोमाची’ लावले की त्या गावची सुंदरी. हे नाव नवव्या शतकातली कवयित्री ओनो नो कोमाची हिचे, आणि अकिताकोमाची हा तर तांदूळ! ‘केइसेइ’ म्हणजे जिच्यापायी किल्ला ढासळावा अशी, मूळ कल्पना चिनी कवितेतली. पण एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) हा शब्द वरच्या दर्जाच्या गणिकेसाठी रूढ झाला, तेव्हा कौतुक म्हणून कुणाला लिहून पाठवू नये. ‘हाप्पो बिजिन’चा शब्दशः अर्थ आठही दिशांनी सुंदर. प्रत्यक्षात तो सगळ्यांची मर्जी राखत फिरणाऱ्याला मारलेला टोमणा आहे, आणि पुरुषालाही लागतो.

आपले,
जपानीचे दोन शिक्षक, पुणे