उद्यमबागेतल्या मामांना, ट्रेलरच्या जुन्या रबराबद्दल

बेळगाव

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागवता. म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहिते आहे. शिवाय उद्यमबागेतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, तुमच्या शेडमध्ये आमच्या ट्रेलरची रबरं बदलताना तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यापाशीच राहू नये, ट्रेलर किंवा गाडीचं बीडिंग, म्हणजे खिडकी-दाराभोवतीची रबरी पट्टी, बदलणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडावं, असंही मनापासून वाटतं.

सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे यात्रेतला मुक्काम अवघड व्हायला लागला, म्हणून आम्ही तो जुना प्रवासी ट्रेलर घेतला. सौंदत्तीला यल्लम्माची पौर्णिमा असो की चैत्रात जोतिबा, रात्री त्यांना आपल्याच अंथरुणावर पाठ टेकता यावी, एवढाच हेतू. पण आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, आणि पश्चिमेला जांबोटीच्या बाजूला गेलं की झड थांबायचं नावच घेत नाही. उन्हानं टणक होऊन तडकलेली खिडक्यांची रबरं त्यात काय टिकणार? त्यातच आधी एका ठिकाणी जुन्या रबरावरूनच सिलिकॉन ओढून दिलं होतं आणि गळायला लागल्यावर त्यावर आणखी एक थर. पाणी त्या थरांच्या मागून निवांत आत उतरत होतं.

तुम्ही अवजाराला हात लावला नाहीत. आधी खिडकीखालच्या भिंतीवर बोटाचं पेर आपटत गेलात आणि एका जागी आवाज बदलला तिथं थांबलात. "हितं प्लाय फुगलाय. बाहेरनं कितीबी लावा, आत ओल हाय तवर काय उपेग न्हाई. आधी जुनं सगळं निघू दे, मग नवीन बघूया की."

ते जुनं काढण्याचं काम तुमच्याशिवाय आमच्याच्यानं झालं नसतं. लोखंडी पात्यानं फायबरच्या चकचकीत थरावर ओरखडे उठतात, म्हणून तुम्ही शेजारच्या मशीन शॉपमधला नायलॉनचा तुकडा घासून त्याची चपटी पाती करून दिलीत. हीट गन अगदी कमी आचेवर, एका जागी न थांबवता फिरवायची. पत्र्यावर तळहात टेकवता आला पाहिजे, एवढंच गरम. मग टोक सुटलं की पट्टी बाहेर न खेचता जवळजवळ भिंतीलगत मागे वळवून सावकाश ओढायची, म्हणजे चिकटाही तिच्याबरोबर येतो. जोर लावून खेचली की रबर तुटतं आणि गोंद तिथंच राहतो.

खिडकीच्या फ्रेममागे काळं ब्यूटिल, म्हणजे फट बुजवायचा चिकट, मऊ रबरी लगदा, होतं. मला तर ते सगळीकडे माखणार असंच वाटत होतं. तुम्ही त्याचाच एक गोळा केलात आणि राहिलेल्या ठिपक्यांवर तो टिपत गेलात. ब्यूटिलला ब्यूटिल चिकटून अलगद उचललं जात होतं. उरला तो नुसता डाग, तो टर्पेंटाइनच्या फडक्यानं गेला. ते टर्पेंटाइन कोरडं पुसून काढल्याशिवाय नवीन रबर तुम्ही जवळ आणू दिलं नाहीत, कारण अशा तेलकट द्रावणानं ईपीडीएम, म्हणजे या पट्ट्यांचं कृत्रिम रबर, फुगतं. दुतर्फी टेपचा चिवट थर ड्रिलला रबरी चाक लावून, वेग कमी ठेवून काढलात. खोडरबरासारख्या वळ्या होऊन तो गळून पडला आणि खालचा रंग शाबूत राहिला.

सगळ्यात वेळ खाल्ला तो सिलिकॉननं. डोळ्याला भिंत स्वच्छ दिसत होती, बोटालाही काही लागत नव्हतं. तुम्ही फवाऱ्यानं पाणी मारलंत. काही ठिकाणी पाणी सलग पसरलं, काही ठिकाणी थेंब थेंब होऊन वेगळं झालं. जिथं थेंब, तिथं सिलिकॉन अजून आहे. आणि त्या अदृश्य थरावर ना टेप धरते, ना रंग, ना दुसरं सीलंट. पुन्हा खरवड, पुन्हा पाणी, असं चालू राहिलं. ही परीक्षा प्रत्येक गॅरेजात व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

खिडक्यांच्या ॲक्रिलिकला तुम्ही थिनर सोडाच, स्पिरिटही लावू दिलं नाहीत. त्यावर बारीक चिरांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही. तिथं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. फायबर आणि ॲल्युमिनियमला मात्र शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन. पेट्रोल आणू का विचारणाऱ्याला तुम्ही नुसतं शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग दाखवलंत.

फुगलेला प्लाय कापून, आतली लाकडी पट्टी वाळवून, मग कुठं नवीन रबर बसलं. तेही जरासुद्धा न ताणता, कारण ताणलेलं रबर पुढे आकसतं आणि कोपऱ्यात फट सोडतं. जोड खाली घेतलात, फ्रेमची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी केलीत. टेपची पकड २४ तासांत बरीचशी आणि ७२ तासांत पूर्ण येते म्हणून तोवर ट्रेलर हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद दिलीत आणि तो तुमच्याच आवारात ठेवून घेतलात. जागा तुम्हाला किती अपुरी पडते ते मी पाहिलं आहे.

मामा, लेथवरचं काम पोराच्या हवाली करून तुम्ही माझ्याजवळ उभे राहिलात आणि पाती माझ्या हातात दिलीत. "तू शिक पोरी, रस्त्यात कुठं अडून राहू नको." मला आजवर कुठल्याही गॅरेजात असं कुणी म्हणालं नव्हतं. बाई दिसली की मालक कुठं आहेत, असंच विचारतात. त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

या पावसात खिडकीखालची भिंत कोरडी राहिली. सासूबाईंनी त्या बाजूलाच उशी घेतली आहे. तुम्ही रबराचे तेवढे पैसे घेतलेत आणि मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत, ते आम्हाला पटलेलं नाही; ते मी मामींशी बोलेन. छतावरच्या झरोक्याचं रबर अजून जुनंच आहे. दिवाळीनंतर ते काढायला घेणार आहे, हात माझा आणि नजर तुमची. कधी येऊ तेवढं सांगा.

तुमची,
ट्रेलरवाली पोरगी