चेकसम जुळला म्हणजे तक्ता बरोबर?

मा. संपादक,

१९ जुलै २०२४ रोजी जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या कर्नल ड्रायव्हरकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणाऱ्या प्रोग्रामकडे) मूल्ये होती २०, नव्या फाइलने मागितले २१ वे. चर्चा झाली ती अपडेट न तपासल्याची. मूळ दुखणे मात्र हे, की बाहेरून आलेला आकडा कर्नलमधल्या कोडने मोजून न घेता वापरला. तेच दुखणे संगणक सुरू होताना फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) तक्त्यांपाशीही दबा धरून बसलेले असते.

प्रोसेसर किती, इंटरप्ट (उपकरणांचे प्रोसेसरला इशारे) कुठे, ही माहिती फर्मवेअर कर्नलला एसीपीआय या मानकाच्या तक्त्यांतून देते. बहुतेक तक्त्यांच्या सुरुवातीला ३६ बाइटचे शीर्ष असते आणि त्यात एकूण लांबी व एक बाइटचा चेकसम (बेरीज पडताळण्याचा आकडा). सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागून बाकी शून्य आली, की नवखा प्रोग्रामर निश्चिंत होतो. पण चुकीच्या तक्त्यावरही चेकसम बिनचूक बसतो. तो काढणारे साधन फर्मवेअरवाल्याचेच असते. बिलाची बेरीज जुळली म्हणून माल बरोबर ठरत नाही! शिवाय ही बेरीज तक्त्याने सांगितलेल्या लांबीइतकीच होते. म्हणून कर्नलने आधी फक्त ३६ बाइट मॅप करावेत (वाचण्यासाठी मेमरीत जोडून घ्यावेत), लांबी त्याहून कमी असेल तर तक्ता नाकारावा, मगच पुढे जावे.

प्रोसेसरांच्या तक्त्यात (एमएडीटी) नोंदी ४४ व्या बाइटनंतर सुरू होतात. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी. लांबी शून्य आली तर लूप जागच्या जागी फिरत राहतो, पडद्यावर काहीच उमटत नाही. शिल्लक ८ बाइट आणि लांबी २०० असेल तर वाचन तक्त्याबाहेर जाते. ‘सद्यस्थान अधिक लांबी’ अशी तुलना टाळावी, कारण बेरीज ओव्हरफ्लो होऊ शकते (मावेनाशी होऊन चुकीचा लहान आकडा येतो). ‘शेवट वजा सद्यस्थान’ ही शिल्लक काढून लांबी २ पेक्षा लहान किंवा शिल्लकीपेक्षा मोठी नाही ना, एवढे पाहावे. मग प्रकारानुसार किमान लांबी: लोकल एपीआयसीला (प्रोसेसरच्या इंटरप्ट नियंत्रकाच्या नोंदीला) ८ बाइट, आयओ एपीआयसीला (उपकरणांच्या इंटरप्ट नियंत्रकाच्या नोंदीला) १२.

‘किमान’ म्हणजे ‘नेमकी’ नव्हे. आर्म प्रोसेसरची जीआयसीसी (इंटरप्ट नियंत्रकाची) नोंद एसीपीआय ५.१ मध्ये ७६ बाइटची होती, ६.० मध्ये ८० ची झाली. लिनक्समधली तपासणी नव्या आकाराला चिकटून राहिली असती, तर जुन्या पण निर्दोष फर्मवेअरच्या नोंदी बाद झाल्या असत्या. म्हणून २०१५ मध्ये तिथे या नोंदीसाठी वेगळा मॅक्रो (तपासणीचा छोटा कोड) आणावा लागला.

नोंद आखूड निघाली तर ती वगळून पुढे जाता येते. लांबीच खोटी असेल तर पुढची नोंद कुठे सुरू होते हेच कळत नाही, तिथे थांबणे भाग आहे. दोन्ही वेळा लॉगमध्ये ‘फर्मवेअर बग’ लिहावे. पॅनिक करू नये, म्हणजे कर्नलने तिथेच काम बंद करू नये. निदान एका प्रोसेसरवर संगणक उठू द्यावा, नाहीतर वापरणाऱ्याला तो लॉग तरी कसा दिसणार?

महाविद्यालयांतल्या प्रात्यक्षिकाला हा विषय उत्तम आहे. एसीपीआयडंप या साधनाने तक्ता काढावा, एका नोंदीची लांबी शून्य करावी, शीर्षातला ओईएम (उत्पादकाच्या) आवृत्तीचा आकडा वाढवावा आणि चेकसम पुन्हा जुळवून ती फाइल कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय या मार्गाने, न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) सीपीआयओ संग्रहात, इनिटआरडीच्या (लिनक्स सुरू होताना लागणाऱ्या फाइलसंचाच्या) अगदी सुरुवातीला जोडावी. हे क्यूएमू या आभासी संगणकातच करावे, स्वतःच्या लॅपटॉपवर नाही.

– एक वाचक, पुणे