रॉक संगीताबद्दल लिहिताना आवाजाबद्दलही लिहावे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

परदेशातील एखाद्या जुन्या रॉक बँडचा वादक निवर्तला किंवा एखाद्या गाजलेल्या अल्बमला पन्नास वर्षे पूर्ण झाली की मराठी वृत्तपत्रे त्याची दखल घेतात, याचा माझ्यासारख्या वाचकाला आनंदच होतो. मात्र किती प्रती खपल्या, अल्बम किती आठवडे यादीत राहिला, कोणाचे कोणाशी बिनसले आणि कोण कोणत्या व्यसनापायी वाया गेला, याखेरीज त्या मजकुरात फारसे काही नसते. ज्यासाठी त्या माणसाची आठवण काढायची ते संगीत कानाला कसे लागत होते, याविषयी एक ओळही सापडत नाही, ही माझी तक्रार आहे. ती पिंक फ्लॉइड या इंग्लंडमधील रॉक बँडच्या संदर्भात मांडतो, कारण माझे बालपण त्या बँडच्या संगतीत गेले आणि दुसऱ्या कोणाबद्दल मला इतक्या खात्रीने बोलता येणार नाही.

त्यांचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ सालचा अल्बम घेऊ. त्याच्यावर काही छापून आले की १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकेतील बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ७४१ आठवडे होता, हे वाक्य ठरलेले. आकडा खरा आहे आणि थक्क करणाराही आहे, पण टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसलेल्या मुलाचे त्यावाचून काहीच अडलेले नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच की कॅसेट सुरू झाली तरी आधी काही ऐकू येत नाही, मग फार लांबून हृदयाचे ठोके जवळ येऊ लागतात, आणि आवाज कमी आहे असे समजून कोणी बटण फिरवले तर थोड्या वेळाने घरातल्या सगळ्यांची गाळण उडते. माझा थोरला भाऊ त्या बटणावर हात ठेवून बसे, कारण पुढे एकाच वेळी अनेक घड्याळांचे गजर आणि टोले कोसळणार आहेत हे त्याला पाठ झाले होते. ते ठोके म्हणजे बँडचा ड्रमवादक निक मेसन याचा बेस ड्रम होता आणि ती घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, तीही मुळात चार दिशांनी ऐकू येणाऱ्या ध्वनीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले. वाचल्यावर मी तो भाग पुन्हा लावला आणि लहानपणी जो निव्वळ कल्लोळ होता त्यातले एकेक घड्याळ वेगळे ऐकू येऊ लागले. वृत्तपत्रातल्या चार ओळी इतके काम करू शकतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या कॅसेटच्या डबीतल्या कागदावर काळ्या पार्श्वभूमीवर काचेचा लोलक आणि त्यातून फुटणारे रंग होते. शाळेत तानापिहिनिपाजा घोकून घेतलेले असल्यामुळे मी ते रंग बोट ठेवून मोजले, तर सहाच भरले. निळ्यानंतर एकदम जांभळा, मधला पारवा नाहीच. पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवावा की या चित्रावर, असे मी भावाला विचारले, तेव्हा त्याने ‘तू आधी गप्प बसून ऐक’ एवढेच उत्तर दिले. मुखपृष्ठावर पारवा रंग खरोखरच नाही, हे आजही कोणीही मोजून पाहावे. मुलांचे लक्ष अशाच ठिकाणी जाते आणि अशाच ठिकाणी टिकते. त्या वयात इंग्रजी शब्द तर सोडाच, गाण्यांची नावेही आम्हाला धड उच्चारता येत नव्हती. आम्ही गाणी ओळखत असू ती घड्याळाचे, नाण्यांचे, रडणाऱ्या बाईचे अशा नावांनी.

नाण्यांचे गाणे दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला होते. गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांचा सडा, कागद फाटल्याचा आवाज असे काहीबाही ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहते आणि त्यावरच गाणे उभे राहते. बँडचे बेस गिटारवादक आणि गायक रॉजर वॉटर्स यांनी आपल्या पत्नीच्या कुंभारकामाच्या जागेत मोठ्या वाडग्यात नाणी फेकून त्यातले काही आवाज घेतले, आणि नंतर प्रत्येक आवाजाच्या फितीचे तुकडे मोजून, कापून, एकमेकांना चिकटवून त्यांची बंद माळ केली, म्हणजे ती यंत्रावर फिरत राहिली की ठेका आपोआप तयार होई. आज संगणकावर क्षणात होणारे हे काम तेव्हा पट्टी आणि ब्लेड घेऊन करावे लागले. आम्ही मुले त्यावर टाळ्या वाजवू पाहत असू आणि दर वेळी कुठेतरी घसरत असू, कारण त्या गाण्याचा मुख्य भाग सात मात्रांचा आहे. तबला शिकणाऱ्या कोणी रूपकाच्या अंगाने मोजले असते तर तो लगेच हाती लागला असता. गिटारचे एकलवादन सुरू होताच ठेका चारावर येतो आणि ऐकणाऱ्याच्या मानेला एकदम सुटल्यासारखे वाटते. त्या गाण्याविषयी छापून येते ते बहुधा पैशाच्या लोभावरील टीकेबद्दल. ती टीका आहेच, पण मान का सुटते हेही कोणीतरी सांगायला हवे.

‘रडणारी बाई’ म्हणजे क्लेअर टोरी. पहिल्या बाजूच्या शेवटी तिचा आवाज एकही शब्द न घेता वर चढत जातो, फाटतो, पुन्हा सावरतो आणि हळूहळू विझतो. मग टेपरेकॉर्डरचे बटण खट्टकन वर येई आणि कोणीतरी उठून बाजू बदलत असे. सीडीवर हे गाणे ऐकताना त्या जागी मला अजूनही तो खटका हवा असतो. १९७३ च्या जानेवारीत या गायिकेला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावण्यात आले, शब्द नाहीत आणि चालही ठरलेली नाही असे सांगण्यात आले, आणि तिने जे उत्स्फूर्त गायले त्याचे तिला ३० पौंड मिळाले. रचनाकार म्हणून मात्र केवळ बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांचे नाव लागले. २००४ मध्ये तिने दावा दाखल केला, २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून सहरचनाकार म्हणून तिचे नाव लावले जाते. हा भाग बातमीच्या दृष्टीनेही चांगला आहे, तरी मराठीत तो फार क्वचित वाचायला मिळतो.

रिचर्ड राइट यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अन्याय सर्वांत अधिक त्यांच्यावर झाला आहे, असे माझे मत आहे. वॉटर्स आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांच्या भांडणात लेखकांना इतका रस असतो की कीबोर्ड वाजवणारा हा अबोल माणूस उरलेल्या जागेत कसाबसा बसवला जातो. ‘द वॉल’ या १९७९ च्या अल्बमच्या वेळी त्यांना बँडमधून बाहेर काढण्यात आले आणि पुढच्या कार्यक्रमांत ते पगारी वादक म्हणून वाजवत राहिले. ते कार्यक्रम तोट्यात गेल्याने मालक झालेल्या तिघांचे पैसे गेले आणि पगारी राइट यांचे तेवढे सुटले, हा किस्सा मात्र आवर्जून सांगितला जातो. किस्सा गमतीदार आहे, नाही म्हणत नाही. पण १९७१ च्या ‘मेडल’ या अल्बमची अख्खी दुसरी बाजू ज्या तेवीस मिनिटांच्या रचनेने व्यापली आहे, तिच्या आरंभी पाण्याखालून यावा तसा एकच टिंबासारखा स्वर येतो, तो राइट यांच्या पियानोचा आहे. पियानोची एक पट्टी दाबून तो आवाज फिरत्या लाउडस्पीकरमधून काढल्यामुळे त्याला ती थरथर आली. दिवे मालवून आम्ही भावंडे तो स्वर ऐकत असू आणि पुढचा केव्हा येणार याची वाट पाहण्यात श्वास रोखत असू. धाकटीला त्याची भीती वाटे आणि तरीही तेच लावा म्हणून हट्ट तिचाच असे. ‘डार्क साइड’च्या पहिल्याच गाण्यात शेवटाकडे जो अनपेक्षित वळणाचा स्वरमेळ आहे तो आपल्याला जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये सापडला, असे राइट यांनी सांगितले आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी ते वारले, तेव्हा माझ्या वाचनात आलेल्या मजकुरात पगाराचा किस्सा होता आणि तो एक स्वर कुठेच नव्हता.

सिड बॅरेट यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. बँडला सुरुवातीची ओळख देणारा हा गायक ५ जून १९७५ रोजी अचानक स्टुडिओत आला आणि जुन्या सोबत्यांनीही त्याला ओळखले नाही, ही घटना हृदयद्रावक आहे, पण ती इतक्या वेळा छापून आली आहे की वाचकाला बॅरेट म्हणजे एवढेच वाटावे. त्याच काळातल्या ‘विश यू वर हिअर’ या अल्बमच्या मुख्य गाण्याआधी स्थानके बदलणाऱ्या रेडिओची खरखर येते, गिटारही त्या रेडिओतूनच आल्यासारखी पातळ वाजते, आणि मग दुसरी गिटार अगदी आपल्या शेजारी बसून वाजवावी तशी तिच्यात मिसळते. रेडिओची ती खरखर गिल्मोर यांच्या मोटारीतल्या रेडिओवरून घेतलेली आहे. आमच्याकडे नवखा पाहुणा असला की भाऊ मुद्दाम ते लावे आणि पाहुणा उठून यंत्राशी खटपट करू लागला की आम्ही तोंड दाबून हसत असू. कोणीतरी दूर आहे आणि कोणीतरी जवळ, हे त्या दोन गिटारींनी शब्दांच्या आधीच सांगितलेले असते, आणि शब्द न कळणाऱ्या मुलांनाही ते कळत होते.

मराठी वृत्तपत्राने इंग्रजी बँडसाठी इतकी जागा का खर्च करावी, असे कोणी विचारील. मी अधिक जागा मागतच नाही. जी दिली जाते त्यातले यादीचे आठवडे आणि कोर्टकज्जे थोडे आखडते घ्यावेत आणि त्या जागी दोन-तीन ठिकाणे नेमकी सांगावीत: या गाण्यात अमुक वाजले की इकडे कान द्या, हा आवाज अशा रीतीने काढला आहे, हे वाजवणारा माणूस हा. वाचकांच्या आठवणी मागवल्यास उत्तमच, परंतु ‘आमच्या काळी संगीत होते, आता नुसता गोंगाट’ या सुराची पत्रे संपादकांनी निर्दयपणे बाजूला काढावीत. त्या पिढीला लहानपणी हेच बोलणे वडीलधाऱ्यांकडून ऐकावे लागले होते, आणि तेही याच गाण्यांबद्दल. कोणी काय ऐकले, कशावर ऐकले, कुठल्या जागी दचकले, एवढे लिहिणाऱ्यांनाच जागा द्यावी.

आणखी एक छोटी विनंती आहे. गाण्यांचा उल्लेख येईल तेथे रचनाकार आणि वादक यांची नावे द्यावीत. क्लेअर टोरी यांना ते नाव मिळवायला बत्तीस वर्षे लागली आहेत, निदान आपल्या स्तंभात तरी ते वगळले जाऊ नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक