आईच्या त्रासाबद्दल थोडे स्पष्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणे आईने बंद केले आहे आणि त्याचे कारण गुडघे नाहीत, हे मला वहिनीकडून कळले. खोकला आला किंवा बादली उचलली की लघवी सुटते, आणि तासगावाहून एस.टी.ने निघायचे तर आई आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही. वहिनीवर कोणी रागावू नये. पत्र मुद्दाम दोघांच्या नावाने लिहीत आहे. हा बायकांचा विषय म्हणून बाबांनी उठून ओसरीवर जावे, असे मला वाटत नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणे, जुना खोकला, शौचाला कुंथणे, वाढलेले वजन, वर्षानुवर्षे उचललेली ओझी आणि पाळी गेल्यावर कमी होणारे हार्मोन यांमुळे ती सैल पडते, आणि मग पोटावर जोर येताच लघवी गळते. दुसरा प्रकार निराळा आहे: मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो, एकदम जोराची घाई होते आणि मोरीपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. पुष्कळ बायकांना दोन्ही त्रास एकत्र असतात, पण उपचार वेगवेगळे असल्यामुळे आईचा कोणता, हे आधी ठरले पाहिजे.

त्यासाठी 3 दिवस नोंद ठेवावी: केव्हा किती प्यायले, केव्हा लघवीला गेले, केव्हा गळली आणि त्या वेळी काय चालले होते. बाबांच्या फवारणीच्या वहीतली मागची पाने चालतील. पाणी तोडणे मात्र आजच थांबवावे, कारण लघवी दाट झाली की मूत्राशयाची जळजळ वाढते आणि बद्धकोष्ठही होते. काही कमी करायचेच असेल तर चहा कमी करावा.

व्यायाम नीट समजून घे, आई. प्रथम उताणे पडून, गुडघे वाकवून, वारा सरू नये म्हणून आपण आवळून धरतो तसे आणि त्याच वेळी लघवी थोपवल्यासारखे ते स्नायू आत व वर ओढायचे. पोट, मांड्या आणि कुल्ले ताठ करायचे नाहीत, श्वासही कोंडायचा नाही. सुरुवातीला जमतील तेवढे सेकंद धरावे, तेवढाच विसावा घ्यावा, आणि हळूहळू 8 ते 10 सेकंदांपर्यंत जावे. असे एका वेळी 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, आणि निदान 3 महिने नेटाने करावे लागते. खोकला येणार असे वाटताच आधी आवळून धरण्याची सवयही लावून घ्यावी. लघवी करता करता मध्येच रोखून हा व्यायाम करू नये. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला, आणि आजही खोकल्यासरशी गळणाऱ्या लघवीवर डॉक्टर प्रथम हाच सांगतात. घाईच्या त्रासात याच्या जोडीला लघवीच्या दोन वेळांमधले अंतर थोडे थोडे वाढवत नेतात.

मिरजेला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊच. लघवीत जंतुसंसर्ग आहे का आणि रक्तात साखर आहे का, हे पाहिले जाईल. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि त्यांची वेळ बदलता येते, पण मनाने गोळी बंद करू नये. घाईवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि उतारवयात गोंधळल्यासारखेही होते, म्हणून तीही विचारूनच घ्यावीत. अंग खाली उतरल्यासारखे वाटत असेल तर लाजू नको, सांग. त्यावर ऑपरेशनाशिवाय आत बसवायची रिंगही असते. ‘पिशवी काढली की सगळे थांबते’ असे गल्लीतल्या कोणी सांगितले तर मुळीच ऐकू नये. लघवी गळण्यावरचा तो उपचारच नव्हे. व्यायामाने भागले नाही तर मूत्रमार्गाला आधार देणारी वेगळी शस्त्रक्रिया असते, पण तो विचार नंतरचा.

लघवीतून रक्त गेले, पाळी गेल्यानंतर अंगावर जाऊ लागले किंवा लघवी अडली, तर माझी वाट न पाहता बाबांनी लगेच दवाखान्यात न्यावे.

पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन येत आहे आणि सोमवारी आपण तिघेही मिरजेला जाऊ. तोवर वहीतले 3 दिवस भरून ठेवावेत.

तुमची लेक